गेट पडलंय

तिसऱ्या गेटावर पूल झाला
तशी कंपनीतल्या सगळ्यांनी वाट बदलली.
सात मिनिटं वाचतात म्हणे.
मी अजून दुसऱ्या गेटानंच जाते उद्यमबागला.
हुंदरे सुपरवायझर विचारतात, आज पण उशीर?
मी सांगते, गेट पडलं होतं.

खोटं नाही ते.
पडतंच की. घंटा वाजते,
लाल-पांढरा दांडा थरथरत खाली येतो
आणि टिळकवाडीची अख्खी सकाळ
त्याला नाक लावून उभी राहते:
किटल्या सांभाळणारा भरमाण्णा,
रिक्षात कोंबलेली शाळेची पोरं.
एक जण वाकून दांड्याखालनं सायकल काढतो,
लोक त्याला दोन भाषांत शिव्या घालतात
आणि आतून सगळ्यांनाच वाकावंसं वाटतं.

मलाही वाटायचं.
पाय टेकून, मूठ पिळत, रुळांकडं डोळे वटारून बसायचे,
जणू माझ्या बघण्यानं रेल्वे लवकर येणार.

मग दसऱ्याआधीचा ओव्हरटाइम आला.
रोज आठशे बुश मोजायचे.
पंचवीस पॉइंट शून्य दोन. लिहिलं.
पंचवीस पॉइंट शून्य दोन.
पंचवीस पॉइंट शून्य दोन.
शेजारून रेणुका सुळगेकर म्हणाली,
"अगं वनमाला, काय करूलालीस?
एकच बुश मोजूलालीस की मघापासनं!"
मी हसले.
हसू थांबेना.
मग ते हसू राहिलं नाही.
लेथवरच्यांनी वळून बघितलं
आणि परत जॉबकडं तोंड केलं.

रक्त तपासलं. सगळं नॉर्मल.
डॉक्टर म्हणाले, आठ दिवस रजा घ्या.
रजा! लोणी आणा म्हणाल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी गेट पडलं
आणि मी चावी फिरवली.
शहाणपण नव्हतं त्यात काही.
मूठ धरायचं बळ नव्हतं, एवढंच.
इंजिन थांबलं तशी पहिल्यांदा कळलं
की रेल्वे दिसायच्या आधी रूळ बोलतात,
बारीक, पातेल्यात दूध धरायच्या बेतात असावं तसं.
केबिनच्या पायरीवर तेलाचा डबा,
डब्यात मिरचीचं रोप,
रोपाला एकच मिरची.
हिरवी.

मागचा बुलेटवाला हॉर्नवर बोट ठेवूनच होता.
गेटमन निंगाप्पा त्याला म्हणाला,
"स्वल्प तडी री."

थोडं थांबा.
अठरा वर्षं हे ऐकत आलेय इथं.
त्या दिवशी मात्र स्वल्प माझ्या ओळखीचा निघाला.
चौथीच्या बाई फळ्यावर काढायच्या,
शेपटीवालं टिंब, स्वल्पविराम.
वाक्य संपलेलं नसतं गं,
श्वास घ्यायचा आणि पुढं वाचायचं.
मी कायम न थांबता वाचायची.
हुशार म्हणायचे मला.

आता घरी पण पाडते मी गेट.
कणीक भिजवून झाली की मागच्या पायरीवर बसते.
सातेरी आतून विचारतो, चहा?
गेट पडलंय, मी म्हणते.
मग आमची अनघा दारात दोन्ही हात आडवे धरते,
तोंडानं घंटा वाजवते, बापाला अडवते.
रेल्वे तीच ठरवते.
कधी लांबलचक मालगाडी, कधी नुसतं इंजिन.
बुश तेवढेच आहेत. आठशे.
परवा परत डोकं गरगरलं.
पण एकच बुश दोनदा उचलला नाही अजून.

इथंही पूल होणार म्हणतात.
कोणीतरी माती तपासायला नेली.
निंगाप्पाला विचारलं, मग तुमचं काय?
तो काही बोलला नाही.
मिरची लाल झाली होती,
ती तोडून माझ्या हातावर ठेवली.
"भाळ खार ऐत्री, अक्का."

गेट उठलं.
सगळी इंजिनं एकदम भुंकली.
मिरची डब्याच्या पिशवीत टाकून मी किक मारली.
सुरू होईना.
मागून हॉर्न.
परत किक. परत हॉर्न.

"स्वल्प तडी री,"
मागं न बघता मी म्हटलं,
आणि चोक ओढला.